बाझल, अलिबाग आणि इस्रायलचा सपोर्ट

शाळेच्या इतिहासात माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आपण सगळ्यांनीच पाठ केल्यात, १९१९ चा कायदा, द्विदल राज्यपद्धती, टीप लिहा, मार्क घ्या, विषय संपला. त्यातला माँटेग्यू म्हणजे एडविन माँटेग्यू, तेव्हाचा भारतमंत्री, तो ज्यू होता हे मला कॉलेज संपून बरीच वर्षं झाल्यावर कळलं. आणि त्याहून भारी गोष्ट म्हणजे नोव्हेंबर १९१७ मध्ये बाल्फोर घोषणा झाली, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर उभारायला ब्रिटिश सरकारचा पाठिंबा आहे असं जाहीर झालं, तेव्हा सरकारच्या आत तिला सगळ्यात कडक विरोध करणारा माणूस हाच. त्याचं म्हणणं असं की मी इंग्रज आहे, धर्माने ज्यू आहे, आणि तुम्ही एकदा पॅलेस्टाइन हे ज्यूंचं घर म्हणून जाहीर केलंत की उद्या जगातला प्रत्येक देश आपापल्या ज्यूंना सांगणार, तुमचं घर तिकडे आहे ना, मग निघा. आता दुसरी बाजू बघा. ज्या बाल्फोरसाहेबांच्या नावाने ही घोषणा ओळखली जाते ते पंतप्रधान असतानाच १९०५ चा एलियन्स ॲक्ट आला, जो मुख्यतः रशियन साम्राज्यातून पळून येणाऱ्या गरीब ज्यूंना इंग्लंडात शिरू न देण्यासाठी होता. म्हणजे ज्यू लंडनमध्ये नकोत असं ज्याच्या सरकारला वाटलं तो झायोनिझमच्या, म्हणजे ज्यूंचा स्वतःचा देश हवा म्हणणाऱ्या चळवळीच्या बाजूने, आणि घरातला ज्यू विरोधात.

हे सगळं आठवायचं कारण, ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने हल्ला केला, साधारण बाराशे माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, आणि त्यानंतर गाझात जे सुरू झालं ते बघत असताना आमच्या सोसायटीच्या ग्रुपपासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत प्रत्येकजण एकतर इस्रायल सपोर्टर झाला किंवा पॅलेस्टाइन सपोर्टर, आणि दोन्हीकडच्यांना पक्कं माहीत असतं की ज्यू धर्म म्हणजे झायोनिझम म्हणजे इस्रायल म्हणजे नेतान्याहू, सगळं एकच. हे एकच असतं तर माँटेग्यू कुठे बसवायचा?

थोडं मागे जाऊ. १८९७, पहिली झायोनिस्ट काँग्रेस. ती भरवणारा हर्झल हा व्हिएन्नाचा पत्रकार, धर्मकर्माशी त्याचा फारसा संबंध नाही, युरोपात ज्यूंचा द्वेष काही केल्या संपत नाही तर स्वतःचा देश करा हा त्याचा साधा राजकीय हिशोब. काँग्रेस आधी म्युनिकला भरणार होती पण तिथल्या ज्यू समाजानेच नको म्हटलं, जर्मनीतले रब्बी विरोधात उभे राहिले, म्हणून स्वित्झर्लंडमधलं बाझल. त्याच वर्षी विल्नामध्ये ज्यू कामगारांचा बुंद पक्ष निघाला, तो म्हणायचा देशबिश सोडा, आहोत तिथेच समाजवाद आणू. आणि याच काँग्रेसचं निमंत्रण आपल्या मुंबईच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या कोकणी ज्यूंच्या समाजालाही आलेलं. त्यांनी नकार कळवला. कारण काय, तर सियोनला म्हणजे जेरुसलेमला परत नेणारा देव आहे, आम्ही त्याच्या हाताची वाट बघतोय, माणसांनी बोलावलेल्या काँग्रेसची नाही.

मला हे वाचून फार मजा वाटली. कारण आज आपण धरून चालतो की जितका धार्मिक तितका कट्टर झायोनिस्ट, आणि सुरुवातीला नेमकं उलटं होतं. टाल्मुड या ज्यूंच्या धर्मग्रंथात तीन शपथांचा उल्लेख आहे, त्यातली एक अशी की ज्यूंनी बळाने, एकगठ्ठा इस्रायलच्या भूमीवर चढून जायचं नाही. सात्मारसारखे कर्मठ हसिदी ज्यू पंथ आजही हे धरून बसलेत, मसिहा येण्याआधी ज्यू राज्य करणं हेच पाप असं त्यांचं मत. न्यूयॉर्कमध्ये काळे कोट, कानाशी लांब बटा, हातात पॅलेस्टाइनचा झेंडा असे जे ज्यू दिसतात ना मोर्चात, आपल्याकडे ते फोटो लगेच फॉरवर्ड होतात की बघा पुरोगामी ज्यू, तर ते पुरोगामी वगैरे अजिबात नाहीत, ते नेतुरेई कार्ता नावाच्या गटाचे, आपल्या दृष्टीने भयंकर कर्मठ. तर दुसरीकडे अब्राहम कुक नावाचे रब्बी होऊन गेले, त्यांनी सांगितलं की शेती करणारी, देव न मानणारी, समाजवादी पोरंसुद्धा नकळत देवाचंच काम करतायत. पुढे त्यांच्या मुलाने हाच विचार चालवला, मग १९६७ चं युद्ध, वेस्ट बँक ताब्यात, आणि १९७४ मध्ये गुश एमुनिम ही धार्मिक वसाहतवाल्यांची चळवळ. म्हणजे धर्म झायोनिझमच्या पोटात नीट शिरला तो १९६७ नंतर, बायबलमधलं हेब्रॉन आणि नाबलूस हातात आल्यावर. आज सरकारात बसून वसाहती वाढवा म्हणणारे मंत्री आहेत त्यांचा रस्ता तिथून येतो, हर्झलकडून थेट नाही.

अमेरिकेत तर अजून वेगळाच प्रकार. २०१३ मध्ये प्यू रिसर्च या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेने विचारलं होतं की इस्रायलची भूमी देवाने ज्यूंना दिली असं तुम्ही मानता का, तर गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिश्चनांपैकी ८२ टक्के हो म्हणाले आणि ज्यूंपैकी ४०. यजमानापेक्षा पाहुण्यालाच श्रद्धा जास्त! त्यातल्या बऱ्याच जणांच्या हिशोबात ज्यू परत तिकडे गेले की मग येशू येणार, आणि त्यानंतर ज्यूंचं ज्यू म्हणून काय होणार यावर ते फार खोलात बोलत नाहीत.

आता आपल्या लोकांकडे येतो, कारण मला खरं त्यांच्याबद्दलच लिहायचंय. बेने इस्रायल म्हणजे रायगडातले शनवार तेली. परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, वाचलेली जोडपी किनाऱ्याला लागली, तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. आडनावं बघा, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, नकाशा समोर ठेवून वाचावीत अशी. पोह्यात खोबरं आणि फळं घालून मलिदा करतात, एलियाहू हन्नाबीच्या म्हणजे संदेष्टा एलियाच्या नावाने, नवस फेडायला. मराठीत कीर्तनं करायचे, आपल्या बायबलमधल्या गोष्टींवर, साकी-दिंडीसकट. वरळी-महालक्ष्मीचा डॉ. ई. मोझेस रोड, तिथल्या ट्रॅफिकमध्ये आपण सगळ्यांनी तास काढलेत, ते मोझेस म्हणजे मुंबईचे बेने इस्रायल महापौर. युरोपातल्यासारखा छळ इथे त्यांच्या वाट्याला कधी आला नाही, हे ते स्वतःच सांगतात.

मग गेले का? ठाण्यात आमच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये एक मावशी राहायच्या, त्यांचे दोन भाऊ साठच्या दशकात डिमोनाला गेले, वाळवंटातलं गाव. मी विचारलं होतं, देवासाठी गेले का, तर म्हणाल्या, देव इथे नव्हता का रे, मोठ्याच्या बायकोचं माहेर आधी गेलं होतं, मग तो गेला, मग धाकट्याला इथे करमेना. इतकं सरळ. इंग्रजांच्या काळात या समाजातली बरीच माणसं रेल्वे, पोस्ट, कस्टम्स, पलटण अशा नोकऱ्यांत होती, इंग्रज गेल्यावर पुढे काय ही धाकधूक होतीच, लग्नाला स्थळं तिकडे, ज्यूंना इस्रायलला नेऊन वसवणारी ज्यू एजन्सी तिकीट देतेय, आणि हो, रोजच्या प्रार्थनेत जेरुसलेम आहेच की, ते काही खोटं नाही. पण एकदा निम्मी आळी गेली की उरलेल्या निम्म्यांना मिन्यानला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमेनात, मग तेही निघाले. स्वातंत्र्याच्या वेळी वीसेक हजार होते, आज भारतात चार-पाच हजार.

आणि तिकडे गेल्यावर काय झालं हे आपल्या सपोर्टरांना सहसा माहीतच नसतं. १९५१-५२ मध्ये काही भारतीय ज्यूंनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं, मागणी काय, तर आम्हाला भारतात परत पाठवा, इथे काळे म्हणून वागवतात, कामं हलकी देतात. आणि खरंच शंभरेक जणांना परत मुंबईला पाठवलं. (पुढे त्यातलेच काही पुन्हा तिकडे जायला धडपडले. माणसाचं असंच असतं.) नंतर १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी नियम काढला की बेने इस्रायलांचं लग्न बाहेरच्या ज्यूशी लावताना आईकडच्या पिढ्या तपासा, कारण शेकडो वर्षं हे कोकणात एकटे पडलेले, यांचे घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून. म्हणजे चेऊल-रेवदंड्यात पिढ्यान् पिढ्या शनिवार पाळला, सुंता केली, खवल्याशिवायचा मासा खाल्ला नाही, आणि तिकडे पोचल्यावर विचारतात, तुम्ही नक्की ज्यू ना? १९६४ च्या उन्हाळ्यात ही मंडळी जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, प्रकरण संसदेपर्यंत गेलं, आणि ऑगस्टमध्ये ठरलं की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. रब्बींना नियम बदलावा लागला. मला या लढ्याचं फार कौतुक वाटतं. इस्रायल सोडला नाही, हक्कही सोडला नाही. त्यांचीच नातवंडं आज तिथे सैन्यात आहेत आणि महाराष्ट्र दिनही साजरा करतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना इस्रायलवर टीका ऐकवत नाही, तेही खरं.

आता भारतातला वाद. गांधीजींचा गाजलेला लेख नोव्हेंबर १९३८ चा, वर्ध्याजवळ शेगावला म्हणजे आजच्या सेवाग्रामला बसून लिहिलेला, जर्मनीत नाझींनी ज्यूंची प्रार्थनास्थळं, सिनेगॉग, जाळून दोन आठवडेही झाले नव्हते. माझी सगळी सहानुभूती ज्यूंकडे आहे, पण इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाइन अरबांचं, असं ते म्हणाले, आणि जर्मन ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. यावर मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वज्ञाने जेरुसलेमहून फेब्रुवारी १९३९ मध्ये लांबलचक पत्र लिहिलं, दक्षिण आफ्रिकेतल्या दीड लाख हिंदी लोकांच्या मागे भारत नावाची मायभूमी होती, आमच्या मागे कोण, असा त्याचा रोख. सत्याग्रहाच्या मुद्द्यावर मी बूबरच्या बाजूने आहे, नाझींपुढे सत्याग्रह ही गोष्ट मला कधीच पचली नाही. पण बूबर स्वतः झायोनिस्ट असून ज्यू आणि अरब दोघांचं मिळून एक राज्य असावं म्हणणारा होता, हे कोणी सांगत नाही.

सावरकरांनी १९२३ च्या ‘हिंदुत्व’मध्येच लिहून ठेवलंय की झायोनिस्टांचं स्वप्न पुरं झालं तर आपल्यालाही आनंद होईल, आणि संयुक्त राष्ट्रांत भारताने पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिल्याबद्दल त्यांनी डिसेंबर १९४७ मध्ये टीका केली. आज त्यांचे चाहते हे अभिमानाने सांगतात, सांगू देत, पण हेच सावरकर १९३८ च्या भाषणांत जर्मनीने कोणती राज्यपद्धती निवडावी हे सांगणारे नेहरू कोण असं विचारत होते, तेही त्याच शेल्फवर ठेवायला पाहिजे ना. पितृभू आणि पुण्यभू एकच हवी या चौकटीत ज्यूंचा पॅलेस्टाइन फिट बसत होता, म्हणून पाठिंबा. पण मग त्या चौकटीत रोह्याचा रोहेकर कुठे बसतो? त्याची पितृभू रोहा आणि पुण्यभू जेरुसलेम. याचं उत्तर मला अजून कोणी धड दिलेलं नाही.

आणि गंमत म्हणजे पन्नास-साठच्या दशकात इस्रायलचं सगळ्यात जास्त कौतुक कोणाला, तर आपल्या समाजवाद्यांना. किबुट्झ म्हणजे सामूहिक मालकीची गावं, सहकारी शेती, हिस्टाड्रुट कामगार संघटना, प्रजा समाजवादीवाले भारावून जायचे. नेहरूंनी १९५० मध्ये मान्यता दिली, मुंबईत वाणिज्य दूतावास उघडू दिला आणि पूर्ण संबंध मात्र टाळले, ते थेट जानेवारी १९९२ मध्ये नरसिंह रावांनी जोडले. यात कुठे धर्म होता, कुठे अरब देशांची मतं आणि तेल, कुठे देशातल्या मुसलमानांच्या भावना, कुठे पाकिस्तानची भीती. ज्यू माणूस या हिशोबात जवळजवळ नव्हताच.

आजही तेच चाललंय असं माझं मत आहे. आमच्या ग्रुपवर जो इस्रायलचा झेंडा डीपीला लावतो त्याला शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शनिवार माहीत नाही, पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या सिनेगॉगच्या समोरून हजारदा गेलाय पण आत काय ते माहीत नाही, त्याला हवाय तो मुसलमानांना धडा शिकवणारा कोणीतरी. आणि जो सगळे ज्यू म्हणजे युरोपातून आलेले गोरे वसाहतवाले असं ठोकून देतो त्याला पेणकर माहीत नाहीत, आणि बगदाद-येमेनसारख्या ठिकाणांहून रातोरात निघालेले लाखो ज्यू तर नाहीच नाहीत. माझा राग पहिल्यावर जरा जास्त आहे कारण तो संख्येने जास्त आहे आणि गाझातल्या मेलेल्या पोरांचे फोटो आले की हसण्याची इमोजी टाकणारा तोच आहे.

तुझं काय मत ते सांग असं परवा एकाने विचारलं. तर इस्रायल हा देश आहे आणि राहणार, १९४८ मागे फिरवता येत नाही, ओलीस नेणं हा गुन्हाच. वेस्ट बँकेतल्या वसाहती चुकीच्या, १९६७ पासून लाखो लोकांना लष्कराच्या अमलाखाली ठेवणं चुकीचं, गाझात जे केलं त्याला स्वसंरक्षण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हे मी ग्रुपवर टाकलं. एकाने मला जिहादी म्हटलं, दुसऱ्याने झायोनिस्ट, आणि सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीच्या नोटिशीखाली राजकीय पोस्ट टाकू नका म्हणून सांगितलं.