वर्गात काय झालं, घरी काय करायचं: साहित्याच्या तासांची आठवडाभराची रोजनिशी

सोमवार, १३ तारीख

‘कवितेवर चर्चा केली. उरलेली कविता घरी वाचणे.’ साहित्याच्या तासाची अशी नोंद दिसली की वाईट वाटतं. जो वर्गात होता त्याला तिची गरज नसते आणि जो नव्हता त्याच्या हाती तिच्यातून काहीच लागत नाही. गणितात ‘उदाहरणसंग्रह ४, उदाहरणं ३ ते ९’ एवढं लिहिलं तरी तापाने घरी पडलेली मुलगी बरी झाल्यावर तेवढी सोडवू शकते. साहित्यात मजकूर पुस्तकात जागच्या जागी असतो, पण त्यावर वर्गाने उभा केलेला प्रश्न तास संपला की विरून जातो. नोंदीत यायला हवा तो हा प्रश्न. म्हणून माझी कसोटी एकच: आज न आलेल्या मुलाने ही नोंद वाचली, तर उद्या चर्चेत त्याला तोंड उघडता येईल का?

आजची नोंद या कसोटीवर लिहिलेली, तशीच्या तशी:

‘सोमवार, १३ तारीख, तिसरा तास. कविता, कडवी ३ ते ५, ओळी ९ ते २०. वर्गातला प्रश्न: तिसऱ्या कडव्यापर्यंत “मी” म्हणणारा कवी चौथ्यापासून “आपण” का म्हणू लागतो? एक मत: तो वाचकाला आपल्या दुःखात सामील करून घेतो. दुसरं मत: त्याला हे एकट्याच्या नावावर बोलायचा संकोच वाटतो. पुरावा म्हणून ओळ १३ आणि ओळ १८ पुढे आल्या. निर्णय झाला नाही. घरी: पाचवं कडवं दोनदा वाचा, एकदा मोठ्याने. वहीत चार ते सहा ओळी लिहा: कोणतं मत पटतं आणि कवितेतल्या कोणत्या ओळीमुळे. बुधवार, १५ तारीख, तास सुरू होताना वही बाकावर उघडी हवी.’

दोन मतं मुद्दाम लिहिली आहेत. एकच लिहिलं की ते उत्तर समजून पाठ होतं आणि परीक्षेच्या कागदावर शब्दशः उतरतं. मतांपुढे मुलांची नावं नाहीत, कारण नाव आलं की वाद मुद्द्यावरून माणसावर घसरतो आणि बुजरी मुलं पुढच्या वेळी बोलत नाहीत. ‘चार ते सहा ओळी’ असा आकडा हवाच. ‘थोडक्यात लिहा’ म्हटलं की कुणी एक वाक्य आणतो, कुणी दोन पानं. आणि वही बाकावर हवी हे लिहिलं नाही, तर निम्मी मुलं फोटो काढून पाठवतात.

कादंबरी चालू असताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. मागे राहिलेल्यांना नोंदीतून पुढचं कथानक कळता कामा नये. मी सुरुवातीलाच ‘प्रकरण ९ वाचून झालेल्यांसाठी’ असं लिहिते आणि घटना न सांगता प्रश्न पात्राच्या वागण्याबद्दल ठेवते. वाचनातला धक्का हा मुलांचा हक्क आहे, तो शिक्षकाच्या नोंदीने हिरावून घेऊ नये.

मंगळवार, १४ तारीख

मुदतीबद्दल. ‘शुक्रवारपर्यंत’ या एका शब्दाचे वर्गात चार अर्थ निघतात: शुक्रवारी शाळा भरताना, आपल्या तासाला, शाळा सुटताना, रात्री झोपण्याआधी. ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणजे या आठवड्यातला की त्यानंतरचा, यावर तर पालकांचंही एकमत होत नाही. म्हणून वार, तारीख, वेळ आणि जागा अशा चारही गोष्टी प्रत्येक वेळी लिहायच्या. वार आणि तारीख दोन्ही दिल्याने एक जास्तीचा फायदा होतो: माझ्याकडून एक चुकलं तर दोन्ही जुळत नाहीत आणि कुणीतरी लगेच विचारतं. ‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द नोंदीत नकोत. नोंद दोन दिवसांनी उघडणाऱ्याचा उद्या वेगळा असतो.

‘रात्री १२ वाजेपर्यंत’ हेही टाळायचं. १७ तारखेचे रात्रीचे १२ म्हणजे १७ सुरू होताना की संपताना, हे ठरत नाही. ११.५९ लिहिलं की प्रश्न मिटतो. गूगल क्लासरूममध्ये, म्हणजे जिथे आम्ही मुलांना काम ऑनलाइन देतो तिथे, तारीख घालून वेळ मोकळी सोडली, तर ते आपणहून रात्री ११.५९ धरतं, त्यामुळे कागद तासाला हवा असेल तर वेळ हाताने घालावी लागते. तिथेच एक जास्त महागात पडणारी चूक होते. प्रश्नपत्रिकेची फाईल जोडताना तीन पर्याय येतात: विद्यार्थ्यांनी फक्त पाहावी, सगळ्यांनी तीच फाईल बदलावी, किंवा प्रत्येकाला स्वतंत्र प्रत मिळावी. घाईत मधला पर्याय निवडला गेला की सगळा वर्ग एकाच कागदावर लिहितो आणि एकमेकांची उत्तरं पुसतो. स्वतंत्र प्रतीचा पर्याय काम वर्गाला पाठवण्याआधीच निवडावा लागतो, नंतर तो मिळत नाही. त्यामुळे पाठवण्याआधी दोन मिनिटं तिथे नजर फिरवणं गरजेचं आहे.

स्वतःवर घातलेला एक नियमही इथे लिहून ठेवते: तास संपण्याआधी सांगितलं नाही ते काम दुसऱ्या दिवशी मागायचं नाही. रात्री नऊला आठवलं म्हणून ग्रुपवर टाकलेला गृहपाठ फोन हाताशी असलेल्यांनाच मिळतो. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो रात्री कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात आहे, तिथे सूचना पोचतच नाही, आणि सकाळी ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणारं मूल खरंच बोलत असतं.

बुधवार, १५ तारीख

वाचन देताना पान नंबरावर विसंबू नये. एकाच पुस्तकाच्या चार आवृत्त्या वर्गात असतात: कुणाकडे मोठ्या भावंडाची जुनी प्रत, कुणाकडे ग्रंथालयाची, कुणाकडे मोबाईलवर, आणि मोबाईलवर अक्षर मोठं केलं की पानंच बदलतात. ‘पान ४२ ते ५४’ म्हटलं की एखादा तीन पानं आधी थांबतो आणि नेमका कळीचा प्रसंग वाचायचा राहतो. गद्यात प्रकरणाचा क्रमांक, कुठून सुरू आणि कुठे थांबायचं त्या परिच्छेदांचे पहिले तीन-चार शब्द. नाटकात अंक आणि प्रवेश. कवितेत ओळींचे क्रमांक. पान नंबर द्यायचाच तर सोबत आवृत्ती लिहून द्यावा.

किती वाचन द्यायचं, याचा अंदाज आपल्या वेगावरून करणं हे फसण्याचं मुख्य कारण. आपण ते पुस्तक आधी वाचलेलं असतं; मुलं पहिल्यांदा वाचत असतात, अनोळखी शब्दाशी थांबतात, पात्रांची नाती लावत बसतात. त्याऐवजी नवीन पुस्तक सुरू करताना वर्गातच दहा मिनिटं शांत वाचन घ्यायचं आणि वेळ संपली की जिथे पोचलो तिथे पेन्सिलीने बारीक खूण करायला सांगायचं. सगळ्या खुणांमधला संथ तिसरा हिस्सा पाहायचा. समजा ती मुलं दहा मिनिटांत ४ पानं वाचतात. मग घरच्या अर्ध्या तासाला १२ पानं झाली. कादंबरी १८० पानांची असेल तर १५ रात्री लागतील. आठवड्याला चारच रात्री वाचन दिलं तर जवळजवळ चार आठवडे. त्यात तीन रात्री मोकळ्या धरायच्या, मागे पडलेल्यांनी गाठण्यासाठी; म्हणजे साडेचार आठवडे. मोकळ्या रात्री वेळापत्रकात उघड लिहायच्या. त्या मनात ठेवल्या तर पुढे असलेल्या मुलांना कळत नाही की आज काही नाही म्हणजे नेमकं काय, आणि मागे असलेली मुलं पुस्तक सोडून सारांश शोधू लागतात. आधी पुरं वाचायची इच्छा असलेल्यांनी खुशाल वाचावं, फक्त वर्गात तोंड मिटून बसावं, एवढंच मागणं.

फळ्याचा फोटो टाकून मोकळं होण्याबद्दल: तो नोंदीची जागा घेऊ शकत नाही. खिडकीचा उजेड फळ्यावर पडून मधल्या ओळी दिसत नाहीत, घाईतलं अक्षर लागत नाही, आणि फोटोतला मजकूर शोधता येत नाही. दृष्टी कमी असलेलं मूल फोनकडून मजकूर वाचून घेतं, त्याला तर चित्राचा उपयोगच नाही. टाईप केलेल्या आठ ओळी कमकुवत नेटवरही उघडतात. टाईप करायचं ते युनिकोडमध्येच. जुन्या फाँटमधली फाईल मुलांच्या फोनवर अगम्य खुणांची रांग होऊन उघडते.

गुरुवार, १६ तारीख

आज मोठ्या निबंधाचा कागद दिला. त्यात एक नव्हे, पाच तारखा आहेत. विषय निवडून एका वाक्यात आपला दावा: तिसऱ्या दिवशी. पुस्तकातले तीन उतारे, प्रत्येकापुढे तो का निवडला याचं एक वाक्य: सहाव्या दिवशी. कच्चा मसुदा: दहाव्या दिवशी. जोडीदाराने वाचून केलेल्या खुणा: अकराव्या दिवशी, वर्गातच. पक्का निबंध: पंधराव्या दिवशी. फक्त शेवटची तारीख दिली की काम शेवटच्या रात्री होतं आणि दावा कुठे फसला आहे ते गुण देताना कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो. तिसऱ्या दिवशीच्या एका वाक्यावरून ते तिथल्या तिथे दिसतं: ‘या कादंबरीत मैत्री दाखवली आहे’ हा दावा नाही, कारण त्याला कुणी नाही म्हणणार नाही. ते एक वाक्य तपासायला मुलामागे अर्धं मिनिट लागतं.

गुणांचे निकष त्याच कागदाच्या मागे छापलेले. २० गुण: दावा ४, पुरावे ५, पुराव्यांचा अर्थ लावणं ८, भाषा आणि मांडणी ३. अर्थ लावण्याला सर्वात जास्त आहेत हे मुलांना आधी माहीत असलं, की उतारे नुसते चिकटवण्याकडे कल कमी होतो. निकष नंतर सांगायचे आणि गुण आधी कापायचे, हे मला पटत नाही.

तारखा ठरवण्याआधी बाकीच्या विषयांच्या शिक्षकांचं वेळापत्रक पाहिलं. मसुद्यासाठी आधी धरलेला नववा दिवस विज्ञानाच्या चाचणीवर येत होता, म्हणून मसुदा एक दिवस पुढे नेऊन मगच कागद छापला.

शुक्रवार, १७ तारीख

वेळापत्रक बदलतं, ते काही टाळता येत नाही. चर्चा लांबते, तास बुडतो. पण जुनी तारीख पुसून गुपचूप नवी लिहिली, तर सोमवारी वहीत उतरवून घेतलेलं मूल जुन्यावरच चालतं आणि चूक त्याच्या पदरात पडते. जुनी तारीख खोडलेली दिसू द्यायची, शेजारी नवी, आणि ‘बदल: १७ तारीख’ असं लिहायचं. मग तोंडी सांगायचं, वर्गात, सगळे बसलेले असताना. मुदत पुढे नेता येते. अलीकडे कधीच आणायची नाही.

मूळ नोंद एकाच जागी असावी. माझी वर्गाच्या दाराजवळच्या वहीत असते. ग्रुपवर आणि क्लासरूमवर तिचीच नक्कल जाते. तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या सूचना झाल्या की मुलं सोयीची निवडतात, त्यांना दोष देता येत नाही.

गैरहजर मुलांसाठी क्रम ठरलेला आहे आणि तो वहीच्या मुखपृष्ठाच्या आत चिकटवलेला आहे. आधी नोंद वाचायची. मग त्या दिवसाच्या पाकिटातून वाटलेले कागद घ्यायचे. न आलेल्याचं नाव कोपऱ्यात लिहून मी ते तासालाच पाकिटात टाकते, नंतर शोधत बसावं लागत नाही. मग ठरलेल्या सोबत्याला चर्चेबद्दल विचारायचं. तरी अडलं तर माझ्याकडे यायचं. जितके दिवस गैरहजर तितके जादा दिवस मिळतात, पण आधीच जाहीर झालेल्या मुदतीला ही सवलत एकाच दिवसाची. ‘सर्वांनी जमा केलं, फक्त या मुलांचं बाकी’ अशी यादी ग्रुपवर कधीच जात नाही. बाकीचं काम ज्याचं त्याला, चिठ्ठीवर, घडी घालून.

या आठवड्याच्या पाचही नोंदी आता एका फाईलमध्ये ओळीने लावल्या आहेत. सोमवारचा ‘मी’ आणि ‘आपण’ हा प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात मंगळवारची पहिली पंधरा मिनिटं त्याच्यासाठी ठेवली आहेत, ओळ १३ आणि ओळ १८ सकट.