आपल्याकडे न बघणारा कवी

आमच्या दादरच्या शेजारी काकांच्या हॉलमध्ये जर्मन कवी गटे टांगलेला आहे. शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला म्हणतात, तोच. नाचण्याचं सोडा, पण १७९१ मध्ये त्याने शाकुंतलावर चार ओळी लिहिल्या, हे खरं.

फोटो नाही हं. ब्राँझची वीतभर चकती, तिच्यावर एका बाजूने दिसणारा चेहरा, उठावात. चोरबाजारातून आणलेली, तिथे असली-नकली विचारायचं नसतं. मूळ घडण फ्रेंच शिल्पकार दाविद द'आंजे याची. १८२९ मध्ये तो गटेच्या गावी, वायमारला गेला, तेव्हा गटे ऐंशीच्या उंबरठ्यावर होता. दाविदने पाचशेच्या वर नामवंत असे चकत्यांवर उतरवले, बहुतेक सगळे एका बाजूने.

समोरून घ्यायचं तर पंचाईत होते नाकाची. उठाव असतो जेमतेम काही मिलिमीटर. तेवढ्यात नाक मावत नाही, आणि मावलंच तर हात लागून आधी तेच झिजतं. बाजूने मात्र कपाळ, नाक, हनुवटी ही एकच रेघ माणूस ओळखायला पुरते. पुढचं काम उजेडाचं. संध्याकाळी काकांच्या खिडकीतून तिरपं ऊन आलं की गटेच्या गालावर सुरकुत्या उमटतात. ट्यूबलाइट लावली की म्हातारा एकदम तुकतुकीत. कपाळ जरा जास्तच मोठं आहे. डोक्याच्या उंचवट्यांवरून बुद्धी ओळखता येते, असं दाविदला वाटायचं.

मला आवडतं ते गटेचं आपल्याकडे न बघणं. एरवी भिंतीवरचा थोर माणूस थेट आपल्याकडे बघतो आणि मुकाट्याने हार मागतो. याला आपल्या येण्याजाण्याशी देणंघेणं नाही. काकूंना ते खटकत असावं. एकदा त्या चिंच लावून त्याला लख्ख करायला निघाल्या, तेव्हा काका ओरडले. तो काळपट हिरवा थर म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

"आपले कवी असे धातूत कुठे?" काका नेहमी विचारतात. आहेत की! १९९९ मध्ये ज्ञानोबा आणि २००२ मध्ये तुकोबा एक रुपयाच्या नाण्यावर आले. चेहरे कल्पनेतले, कारण त्यांना समोर बसवून घ्यायला दाविद नव्हता. पण आपल्या वाट्याची कर्जखतं ज्यांनी इंद्रायणीत बुडवली असं सांगतात, त्यांनाच रुपयावर बसवायचं? तुकोबांनी यावर एक सणसणीत अभंग नक्की केला असता. बसमध्ये सुट्ट्यांत आलेलं ते नाणं मी काकांना दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "ही कला नाही रे, ही चिल्लर."