पातळ पात्याचा घडीचा चाकू निवडताना

माझ्याजवळ सहा वर्षे एक जाडजूड घडीचा चाकू होता. त्याने गाजर चिरायला घेतले की पाते अर्ध्यावर पोचताच ‘टक्’ असा आवाज होई आणि उरलेले गाजर चिरले न जाता फुटत असे. चाकूची धार मात्र उत्तम होती. हातावरची लव तो अलगद उतरवी. तरीही दोष धारेचाच असावा असे समजून मी तो पुन्हा पुन्हा दगडावर घासत राहिलो, आणि गाजर पूर्वीसारखेच फुटत राहिले. शेवटी एके दिवशी व्हर्नियर कॅलिपर घेऊन पात्याची जाडी मोजली. कण्याची, म्हणजे पाठीची, जाडी सगळेच मोजतात. मी मोजली ती धारेच्या लगेच वरची, जिथे पात्याचा मोठा उतार संपून धारेचा बारीक उतार सुरू होतो त्या जागेची. ती ०.९ मिलिमीटर भरली. लाकडी मुठीच्या एका साध्या चाकूची तीच जागा मोजली तेव्हा आकडा ०.३ च्या आसपास आला. त्या दिवशी त्या साध्या चाकूची धार जरा उतरलेलीच होती, तरी गाजराची चकती त्याने आवाज न करता उतरवली.

तेव्हापासून चाकू पाहताना मी सर्वांत आधी ही जागा पाहतो, कारण कापणे म्हणजे प्रत्यक्षात दोन वेगवेगळी कामे असतात. धार तंतू तोडते, आणि त्यामागोमाग पात्याचे सगळे अंग त्या फटीतून पुढे सरकावे लागते. पाव किंवा पिकलेले फळ पात्याला वाट करून देते, म्हणून तिथे जाड पातेही खपून जाते. पण गाजर, सफरचंद किंवा जाड पुठ्ठा मागे सरत नाही, आणि मग पाते पाचरीसारखे वागू लागते. पुठ्ठ्यात तर फटीच्या दोन्ही कडा पात्याला आवळून धरतात आणि हाताचा बहुतेक जोर त्या घर्षणातच खर्च होतो. अशा वेळी धार कितीही लावली तरी पहिले काम तेवढे सोपे होते; दुसऱ्या कामात तिचा काहीच उपयोग नसतो.

थोडा हिशेब केला की हे अधिक स्पष्ट होते. पाठीशी ३ मिलिमीटर जाड असलेल्या आणि केवळ खालच्या १२ मिलिमीटरमध्ये निमुळत्या होत गेलेल्या पात्याच्या पाचरीचा कोन सुमारे १४ अंश होतो. पाठ २ मिलिमीटरची असेल आणि पाते २४ मिलिमीटरच्या पूर्ण उंचीत सरळ निमुळते होत गेले असेल, तर तोच कोन पाच अंशांहूनही थोडा कमी भरतो. म्हणजे पाठ पातळ असणे चांगलेच, परंतु उतार किती वरून सुरू होतो याला त्याहून अधिक महत्त्व आहे. कण्याशी जाड असूनही पूर्ण उंचीचा उतार असलेले रुंद पाते, पातळ पण अर्ध्यातूनच उतरवलेल्या अरुंद पात्यापेक्षा सरस चिरू शकते.

खरेदीच्या वेळी खिशात कॅलिपर नसतो, पण त्याची गरजही पडत नाही. पाते उजेडात तिरके धरून धारेलगतची चकाकणारी पट्टी पाहावी. धार दोन्ही बाजूंनी प्रत्येकी २० अंशांत लावलेली असेल, तर ०.९ मिलिमीटर जाडीवर ही पट्टी सव्वा मिलिमीटरहून रुंद दिसते आणि ०.३ वर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, जवळजवळ रेघेसारखी. धारेचा कोन फार लहान ठेवला असेल तर पट्टी रुंद दिसून फसगत होऊ शकते, म्हणून त्याबरोबरच चाकू टोकाकडून डोळ्यासमोर धरून पात्याचा निमुळतेपणाही पाहून घ्यावा.

उताराच्या आकाराबद्दल माझी पसंती ठरलेली आहे. आतल्या बाजूला खोलगट घासलेले पाते धारेजवळ फार पातळ असते आणि दोरी, कागद किंवा फळाची साल यांवर सुरेख चालते, पण खोल काप घेताना खोलगट भाग संपतो तिथे ते अडते. सपाट उतार सर्वांत भरवशाचा. त्याची एकच अडचण, ओलसर चकत्या त्याला चिकटून बसतात. किंचित फुगीर उताराला त्या कमी चिकटतात, मात्र फुगीरपणा खरोखरच किंचित हवा.

लाकडी मुठीचा तो साधा चाकू म्हणजे फ्रान्समधील साव्हॉय प्रांतातला ओपिनेल, आठ क्रमांकाचा. त्याची घडण १८९० पासूनची आहे, पाते साडेआठ सेंटिमीटरचे आहे, आणि पाते उघडे ठेवणारे फिरते कडे त्यात १९५५ मध्ये आले. त्याची बीच लाकडाची मूठ भिजली की फुगते आणि पाते उघडणे जड जाते. हा दोष मान्य करूनही चिरण्याच्या कामात त्याच्याहून महागड्या अनेक चाकूंपेक्षा मी त्यालाच वरचा मान देईन. व्हिक्टोरिनॉक्सच्या नेहमीच्या स्विस चाकूचे पातेही पातळ आणि पूर्ण उताराचे असते. त्याच्या पोलादाची कठिणता रॉकवेल मापनात ५६ च्या आसपास, म्हणजे मध्यमच, त्यामुळे धार तुलनेने लवकर उतरते, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत परतही येते.

पोलादाविषयी लोक फार बोलतात, म्हणून एवढेच सांगतो की पातळ धारेला घट्ट आणि बारीक कणांचे पोलाद मानवते. ज्या पोलादात टणक कार्बाइडचे, म्हणजे धातू आणि कार्बनच्या संयुगाचे, मोठे कण असतात ते झिजायला चिवट असते, पण धार फार पातळ केली की तेच कण कडेवरून सुटतात आणि धारेला बारीक खाचा पडतात. एईबी-एल हे पोलाद मुळात दाढीच्या पात्यांसाठी घडवले गेले, आणि पातळ चाकूत ते इतके शोभते ते याच बारीक कणांमुळे. साधे कार्बन स्टीलही उत्तम, फक्त लिंबू किंवा चिंच कापल्यावर ते लगेच पुसून कोरडे केले पाहिजे.

पातळ पाते कुठे वापरू नये हेही निवडतानाच मनाशी ठरवून घ्यावे. मी एकदा रंगाच्या डब्याचे घट्ट झाकण उचकटायला अशाच चाकूचे टोक घातले, मनगट जरा फिरवले आणि टोकाचा चार मिलिमीटरचा तुकडा झाकणाच्या खाचेत राहिला. पाते सरळ दाबाला टिकते, पिळाला टिकत नाही. उचकटणे, पिळणे, हाडावर चालवणे ही कामे रोजची असतील त्याने जाड चाकूच घ्यावा, आणि तो नीट चिरत नाही म्हणून त्याला दोष देऊ नये.

पातळपणा टिकवावाही लागतो. दर वेळी धार लावताना पात्याची कड थोडी वर सरकते, वर पाते जाड असते, आणि काही वर्षांत तोच चाकू केस उतरवूनही गाजर फोडू लागतो. म्हणून धारेबरोबर अधूनमधून पात्याची दोन्ही अंगे दगडावर जवळजवळ आडवी धरून घासावीत. माझा तो जुना जाड चाकू मी असाच चार संध्याकाळी खरखरीत दगडावर घासला आणि ०.९ वरून ०.५ वर आणला. त्याच्या अंगावर ओरखडे उठले, मूळची चकाकी गेली. आता बारीक गाजर तो शेवटपर्यंत चिरतो. जाड गाजरात मात्र उतार संपून पाते पूर्ण जाडीला पोचते तिथे तो ‘टक्’ अजून ऐकू येतो.