बोव्हिंग्टनचे रणगाडे आणि एका गोळ्याची खूण

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून वेमथकडे जाणाऱ्या गाडीने सुमारे अडीच तासांत आम्ही डॉर्सेटमधील वूल या छोट्या स्थानकावर उतरलो, तेव्हा बाहेर एकही टॅक्सी नव्हती. बोव्हिंग्टनचे रणगाडा संग्रहालय तेथून साधारण तीन किलोमीटरवर आहे. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना ती पायपीट जड गेली. तेव्हा टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी.

आत शिरल्यावर बहुतेक लोक थेट दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर रणगाड्याकडे धावतात. तसे न करता पहिल्या महायुद्धाच्या दालनापासून सुरुवात करावी. तेथे १९१५ सालचा ‘लिटल विली’ आहे, जो कधीच रणांगणावर गेला नाही, आणि त्याच्या पुढच्या पिढीतला ‘मार्क वन’ आहे. या जातीचे रणगाडे १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत प्रथम उतरले. आठ माणसे आणि तापलेले इंजिन एकाच लोखंडी पेटीत, मध्ये भिंत नाही, आणि वेग ताशी जेमतेम सहा किलोमीटर. गुप्ततेसाठी या यंत्रांना पाण्याच्या टाक्या म्हटले गेले, त्यावरून ‘टँक’ हे नाव पडले. या इंग्रजी शब्दाचे मूळ काही कोशकार गुजराती-मराठीतल्या ‘टाके’ या शब्दापर्यंत नेतात, हे सांगताच आयुष्यभर किल्ल्यांवरच्या टाक्यांचे पाणी प्यालेले वडील खुलले.

मग टायगर १३१. सुमारे ५७ टन वजन, ८८ मिलिमीटरची तोफ, समोर १०० मिलिमीटर जाडीचे पोलाद. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिश चर्चिल रणगाड्यांच्या सहा-पौंडी तोफांनी, म्हणजे अवघ्या ५७ मिलिमीटरच्या गोळ्यांनी, तो निकामी केला. एक गोळा नळीला घासून खाली वळला आणि बुरूज जिथे फिरतो त्या कड्यात अडकला. बुरूज फिरेना, तेव्हा आतली माणसे रणगाडा सोडून पळाली. चिलखत फुटले नव्हते. समोर उभे राहून पाहण्याऐवजी किंचित वाकून नळीच्या मुळाशी खालच्या बाजूला पाहावे, म्हणजे घासल्याची खूण दिसते. माझ्या मते अख्ख्या संग्रहालयात पाहण्यासारखी हीच एक जागा. फलक वाचण्याच्या नादात अनेकजण ती चुकवतात.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात मटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल हे ब्रिटिश रणगाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी येथे त्यांच्यावर फार वेळ घालवू नये. तो वेळ पहिल्या महायुद्धाला द्यावा. सगळे नीट पाहायचे तर पाच तास लागतात.

टायगर प्रत्यक्ष धावताना पाहायचा असेल, तर त्यासाठी ठरावीक ‘टायगर डे’ असतात. त्यांची तिकिटे आधीच काढावी लागतात. आम्ही साध्या दिवशी गेलो, त्यामुळे गर्दी नव्हती आणि टायगरही जागचा हलला नाही. वडिलांच्या दृष्टीने तेच सोयीचे झाले, कारण नळीखाली वाकायला त्यांना बराच वेळ लागला.