शुक्रवारची कटान

शुक्रवारी रात्री साडेनऊला जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलली की कटान या बोर्ड गेमचे १९ षटकोनी तुकडे मांडले जातात. आम्ही चौघं. आजारपण आणि गणपती सोडले तर सहा वर्षांत खाडा नाही.

१९९५ साली जर्मनीत क्लाउस टॉयबर यांचा हा खेळ आला, पण आमच्याकडे तो मंडईसारखा रंगतो. "दोन मेंढ्या घे, एक वीट दे." "तीन दे, नाहीतर राहू दे!" मेंढ्या, विटा, गहू हे सगळे पत्तेच, पण मला ही घासाघीसच सगळ्यात आवडते. समोरच्याचा चेहरा वाचता यायला हवा.

दोन फाशांची ३६ दानं, त्यात सात पडायच्या वाटा ६. म्हणजे सात सतत पडणार, आणि हातात सातपेक्षा जास्त पत्ते असले तर निम्मे टाकायचे. गेल्या शुक्रवारी माझ्याकडे आठ होते. शहरासाठी जपलेली तीन खनिजं आणि दोन गहू त्यात. पुढची पाळी माझीच, आणि सात पडलं! खनिजं राखली, पण एक गहू सोडावाच लागला.

माझ्या दानावर एक मेंढी मिळाली. शेजारच्या मैत्रिणीने ती घेऊन मला गहू दिला. तिला मेंढी नको होती, हे मला दिसत होतं.