बिनवासाची वडी

डिसेंबरात पुण्यात खोबरेल थिजलं की घरोघरी खिडकीतल्या उन्हात तेलाची निळी बाटली दिसायला लागते. आमच्याकडे ती आडवी ठेवलेली असते. उभ्या बाटलीत तळचं तेल शेवटपर्यंत हटून बसतं, असं माझं मत. सकाळीच आठवण ठेवली असती तर भर दुपारी बाटली या कुशीवरून त्या कुशीवर करायची वेळ आली नसती, असं बायकोचं मत. पण मला तेल दुपारीच लागतं. ती वामकुक्षीला गेलेली असते, गॅस मोकळा असतो आणि ओट्यावर "तिथे हात लावू नका" म्हणणारं कोणी नसतं.

मी वड्या करतो. खायच्या नव्हे, लावायच्या.

ठमी आमची नात, पहिलीत आहे. तिच्या कोपरांच्या आतल्या घडीत, गुडघ्यांच्या मागे आणि थंडीत मानेवरही इसब उठतं. तान्ही होती तेव्हा गालांवर यायचं आणि लोक कौतुकाने म्हणायचे, काय लालबुंद गाल आहेत पोरीचे! त्वचेच्या डॉक्टरबाईंनी फार सोपं करून सांगितलं. कातडी म्हणजे विटांची भिंत, विटांच्या मधला चुना म्हणजे चरबी. हिच्या भिंतीत चुना कमी पडतो, म्हणून आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. मग त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "घरात कोणाला दमा? सकाळच्या शिंका?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझ्या सकाळच्या शिंका सोसायटीत प्रसिद्ध आहेत. खालच्या मजल्यावर त्या ऐकून चहाचं आधण ठेवतात. घरी येऊन मी वाचत बसलो. फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन असतं, त्याच्या जनुकातला दोष आणि हे इसब यांचं नातं 2006 साली सापडलं, असं समजलं. इसब, दमा, शिंका ही भावंडं बरेचदा एकाच घरात नांदतात. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही का वाचताय एवढं? तुमच्यावर खटला भरत नाहीये कोणी."

खटला नसला तरी सल्ले होते. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घाला. खोबरेलात कापूर टाका. गोमूत्र लावा. डाळीचं पीठ आणि साय लावा, आमच्या तिन्ही मुलांना लावलं, काही झालं नाही. या शेवटच्या वाक्यापुढे बोलणं खुंटतं. फुटलेल्या कातडीतून खाण्याच्या पदार्थांची ॲलर्जी जडू शकते, म्हणून पीठ, दूध, शेंगदाण्याचं तेल यातलं काही जखमेवर नको, हे डॉक्टरबाईंचं म्हणणं मी जिन्यात उभ्या उभ्या दोन-तीनदा सांगून पाहिलं. समोरचा माणूस ऐकून घेतो आणि निघताना म्हणतो, "तरी पण एकदा पीठ लावून बघाच."

आणि वास! लहान मुलांच्या म्हणून विकायला ठेवलेल्या वस्तूंना इतका वास का असतो, हे मला आजवर कळलेलं नाही. गुलाबी बाटली, त्यावर हसरं बाळ, झाकण उघडलं की अत्तराच्या दुकानात शिरल्यासारखं होतं. डॉक्टरबाईंनी साफ सांगितलं होतं, वास नको. लॅव्हेंडरचा नको, गुलाबाचा नको, झाडापानाचा आहे म्हणून चालेल असंही नाही. मला ते मनापासून पटलं, कारण मला तसाही कुठलाच वास सोसत नाही. पण दिवाळीत पंचाईत झाली. वाळा, नागरमोथा, आंबेहळद, कचोरा, सगळं घातलेलं उटणं वाटीत तयार आणि पोरीला ते लावायचं नाही! बायकोचा जीव वरखाली झाला. शेवटी तिने ठमीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखावर शास्त्रापुरता एक टिळा लावला. नखाला खाज सुटत नाही, तेव्हा मीही गप्प बसलो.

तर वडी. मेण, कोकमतेल आणि खोबरेल, तिन्ही वजनाने सारखं. मी 30-30 ग्रॅम घेतो, थंडीत मेण किंचित कमी, मेमध्ये किंचित जास्त. वास नाही, रंग नाही. पाण्याचा थेंब नाही, म्हणून नासत नाही आणि टिकवायला वेगळं काही घालावं लागत नाही. मेण मधमाशीचं. भाचा महाबळेश्वरला निघाला की सगळे त्याला स्ट्रॉबेरी सांगतात, मी मेण सांगतो. (तिथलं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ही माहिती त्याला मी दर खेपेला देतो. तोही दर खेपेला पहिल्यांदा ऐकल्यासारखं करतो. गुणी मुलगा आहे.) पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचा डबा, डब्यात आधी मेण. ते साठ अंशांच्या वर गेल्याशिवाय हलत नाही. कोकमतेल चाळिसाच्या आसपास विरघळतं, आणि खोबरेल चोविसालाच पाणी होतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी. मेण लागलेलं भांडं पुन्हा माणसात येत नाही, त्यामुळे मला एक डबा आणि एक चमचा कायमचा तोडून दिला आहे. मोदकाचा साचा मागून पाहिला होता. "त्यात मेण ओतणार? मग गणपतीला काय सांगू मी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता छोट्या वाट्यांत ओततो, थिजल्यावर तासभर फ्रीजमध्ये ठेवतो आणि वाटी उपडी करून बुडावर चापट मारतो.

कोकमतेल कोकणी मालाच्या दुकानात मिळतं, पण विचारावं लागतं. ते आमसुलांच्या बरण्यांमागे असतं. अंड्याएवढा, पांढुरका, कागदात गुंडाळलेला टणक गोळा. पहिल्यांदा तो हातात घेतला आणि मी दुकानातच तो फिरवून बोटांचे वळ शोधायला लागलो. वळ नव्हते. साच्यातला होता.

आमच्या राजापूरच्या घरी तो मुठीत वळत. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला सगळी पोरं बसवायचे. हात कोपरापर्यंत लाल, आणि रस अंगावरच्या खरचटल्यावर गेला की झोंबायचा. सालं आमसुलांसाठी जायची, गर आगळाला, आणि बिया राख लावून खळ्यात वाळत पडायच्या. त्यांच्याकडे मग महिनोन्‌महिने कोणी बघायचं नाही. पाऊस सरला, भात घरात आलं, की एखाद्या दिवशी आजीला बियांची आठवण व्हायची. उखळात कांडणं चालायचं. मोठ्या टोपात पाणी घालून तो कूट चुलीवर रटरटत राहायचा आणि एक आंबूस-धुरकट वास माजघरापर्यंत यायचा. रात्री टोप तसाच गार व्हायला ठेवायचा. पहाटे पाण्यावर पांढरा थर धरलेला असे. आजी तो हाताने अलगद उचलायची, पुन्हा एकदा वितळवून गाळायची आणि निवत आला की मुठीत दाबून गोळे करायची. प्रत्येक गोळ्यावर चार बोटांचे वळ. आजीचे गोळे लांबट, काकूचे बसके. कोनाड्यातला गोळा कोणी वळलाय ते लांबून सांगता यायचं.

तो कोनाडा पडवीत होता. थंडीत टाचा फुटल्या की ज्याने त्याने गोळा घ्यायचा, दिव्याच्या चिमणीपाशी जरा धरायचा आणि भेगेत घासायचा. गडी, आजोबा, आम्ही पोरं, सगळ्यांना तोच. ओठांना, हातांना, बैलाच्या मानेवर जू घासून झालेल्या जखमेलाही तोच. एक मात्र आहे, तो कोणी कोणाला लावून दिल्याचं मला आठवत नाही. औषध पाजायला दोघं धरायला लागायची, एरंडेलाच्या दिवशी घरात धावपळ असायची, पण कोकमतेलाच्या मागे कोणी कोणाच्या धावलं नाही.

वड्यांचं जमलं ते बहुधा यामुळेच. बाटली घेऊन आई मागे, ठमी पुढे, हा आमच्याकडे रोजचा प्रकार होता. गार लोशन, झोंबणारी कातडी आणि वर मोठ्या माणसाचा हात, कोण थांबेल? पहिली वडी तिच्या मनगटाच्या आत जराशी लावून आम्ही दोन दिवस वाट पाहिली, काही उठलं नाही. मग ती तिच्या ताब्यात दिली. आंघोळ झाली की अंग टिपून घेते, पुसत नाही, आणि ओलसरपणा आहे तोवर वडी फिरवते. वडीत पाणी नसल्याने अंगावरचं पाणीच कोंडून ठेवायचं असतं. कोपर, गुडघे, मान. मध्येच बाहुलीचं कोपर. कोणी मदतीला गेलं तर "मला येतं" म्हणते. शाळेत न्यायची नाही असं ठरलंय. तरी दप्तरात डबी असते. रांगेत शेजारची मुलगी तिचा हात धरायची नाही, "मला पण होईल" म्हणून. ते लागत नाही हे बाईंनी वर्गात सांगितलं. सांगून किती फरक पडला, ते ठमी सांगत नाही.

वडीचं कौतुक मी करतो, ठमीची आई करत नाही, आणि तिचं बरोबर आहे. मागच्या आठवड्यात हवा कोरडी झाली, कोणीतरी प्रेमाने दिलेला लोकरीचा स्वेटर घातला गेला, आणि सगळं भडकलं. मग ट्यूबच. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे म्हणून मी आधी फार कुरकुर केली होती. डॉक्टरबाईंनी माप दाखवलं: बोटाच्या शेवटच्या पेरावर बसेल एवढं मलम मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं, सांगितलेले दिवस लावायचं आणि घाबरून अर्धवट सोडायचं नाही. सोडलं नाही. बसलं. वडी रोजच्यासाठी आहे. आग लागल्यावर तिचा उपयोग नाही.

त्या रात्री ती आमच्या खोलीत झोपली होती. झोपेत खाजवल्याचा आवाज येतो, खर्र खर्र, नखं कितीही बारीक कापली तरी. मी हात धरून ठेवला तर जागी झाली.

"आबा, हे जाणार ना?"

"मोठी झालीस की जातं," मी म्हटलं. बऱ्याच मुलांचं जातं, हे खरं आहे. सगळ्यांचं जात नाही, हेही खरं आहे. ते मी रात्री दोनला सांगायला गेलो नाही.

ती थोडा वेळ गप्प होती.

"तुझ्या शिंका गेल्या?"