स्टिकरच्या बाटल्या बारा, माल एकच

काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मोजल्या, आमच्या कृषी केंद्रात सिलिकॉन स्टिकरच्या (फवारणीच्या पाण्यात टाकायचं, औषध पानावर पसरवणारं द्रव) अकरा कंपन्यांच्या बाटल्या निघाल्या. बाबा म्हणतात तीन ठेव, बाकी वापस कर. पण ज्यानं शेजारच्या वावरात जी बाटली पाहिली तो तीच मागतो, मग काय करता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नुसतं पाणी पऱ्हाटीच्या पानावर मारलं की थेंब गोल बसतो अन् वारा आला की घरंगळून जातो. पंपाले पाच मिली हे टाकलं की तोच थेंब तेल सांडल्यावानी पानभर पसरतो. पाण्याचा पृष्ठताण 72 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, तो यानं 20-22 वर येतो. जास्त टाकलं तर औषध पानावरून खाली मातीत. हे मी प्रत्येकाला सांगतो तरी परवा एक काका म्हणेच, "पाचनं होते त दहानं डबल होईन ना गा!"

आता हे बनतं कशाचं? गारगोटीचं! गारगोटी अन् कोळसा विजेच्या भट्टीत जवळपास 2000 डिग्रीला तापवून सिलिकॉन धातू काढतात, मग त्याच्या भुकटीवर तांब्याच्या साथीनं मिथाइल क्लोराइड वायू सोडतात (1940 मध्ये अमेरिकेत युजीन रोचाव यांनी ही रीत काढली, जर्मनीत म्युलर यांनी पण) अन् त्यातून पुढं तेल, रबर, खिडकीच्या काचेचं सीलंट अन् आमचं स्टिकर. खरा खर्च विजेचा. एक टन धातूला 11 ते 13 हजार युनिट, म्हणजे महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराची दहाएक वर्षांची वीज.

म्हणून 2021 मध्ये चीनच्या युनान प्रांतात विजेची बोंब झाली, सरकारनं सप्टेंबर ते डिसेंबर सिलिकॉनचं उत्पादन ऑगस्टपेक्षा 90 टक्के कमी करायला लावलं, अन् दोन महिन्यांत धातूचा भाव तिपटीच्या वर गेला. मग चीनमध्ये एकामागून एक कारखाने उभे राहिले, इतके की माल उतू गेला अन् भाव आपटला. आता जगातलं अर्ध्याहून जास्त सिलोक्सेन (ज्यापासून हे तेल, रबर, स्टिकर बनतं तो कच्चा माल) चीनमध्येच बनते. डाऊसारख्या जुन्या कंपनीनं पण जुलै 2025 मध्ये सांगितलं की वेल्समधला बॅरीचा सिलोक्सेन कारखाना 2026 च्या मध्यात बंद करणार. वॅकर, शिन-एत्सू, एल्केम, मोमेंटिव्ह, मूळ माल बनवणारे असे मोजकेच, अन् आमच्याकडं लेबलं अकरा.

आज बारावा सेल्समन आला, दहावर एक फ्री घेऊन. मी विचारलं माल कुठला, तर म्हणे वापीचा. "अन् वापीले कुठून येते?" तो मोबाईलमध्ये पाहू लागला. बाबांनी दोन पेट्या उतरवून घेतल्या.